प्रोसेसरला हळू चालायला सांगितले कोणी?

पौष पौर्णिमेला म्हसा गावात खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि मुरबाड तालुक्यातल्या या गावी गुरांच्या बाजारासाठी लांबलांबून माणसे येतात. जूनमधली गर्दी मात्र वेगळ्याच दारात असते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेश तोंडावर असतात, आणि उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला हवा असलेली मुले आईबापांना घेऊन सेवा केंद्रासमोर उभी असतात. त्यांच्यातच पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ काढायला आलेला शेतकरी असतो. तालुक्यातल्या अशा कुठल्याही केंद्रात या सगळ्यांचे काम एका टेबलावरच्या एका लॅपटॉपवर अवलंबून असते. समजा, नेमका त्याच आठवड्यात तो लॅपटॉप रुसला. बटण दाबल्यावर विंडोज यायला पाच-सहा मिनिटे, माऊस हलवला तर बाण मागून येतो, पीडीएफ उघडता उघडत नाही.

रांगेतला प्रत्येक जण निदान करतो. एक म्हणतो, जुना झाला आता. दुसरा म्हणतो, व्हायरस शिरलाय. तिसरा छातीठोकपणे सांगतो, "फॉरमॅट मार रे, लगेच पळायला लागेल." केंद्र बंद ठेवून लॅपटॉप मुरबाडला न्यायचा, तिथे जमले नाही तर कल्याण गाठायचे, म्हणजे दिवस बुडाला आणि भाड्याचे पैसे गेले ते वेगळेच. फॉरमॅट होऊन परत आलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच रखडला, तर बोल लावायचा कोणाला?

या प्रकरणात एका चौथ्याच शक्यतेचा विचार करायचा आहे. लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, त्याला व्हायरसही लागलेला नाही. तो मुद्दाम हळू चालतो आहे. त्याला तसा हुकूम मिळाला आहे. तो हुकूम कोणी दिला हे कळेपर्यंत केलेला प्रत्येक उपाय म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

आधी आकडा बघा

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' या भागात गेले की डावीकडे सीपीयू, मेमरी, डिस्क अशी यादी दिसते. सीपीयूवर टिचकी मारली की आलेखाखाली 'स्पीड' असा एक आकडा सतत बदलताना दिसतो आणि बाजूला 'बेस स्पीड' हा स्थिर आकडा असतो. दुरुस्तीची सगळी दिशा या दोन आकड्यांवरून ठरते.

२०१७ साली आलेला इंटेलचा आय-फाइव्ह ८२५०यू हा प्रोसेसर घ्या. या पिढीतले लॅपटॉप अजूनही पुष्कळ ठिकाणी वापरात आहेत. त्याचा बेस स्पीड १.६० गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६० कोटी ठोके. गरज पडली तर तो थोडा वेळ ३.४० गिगाहर्ट्झपर्यंत पळतो. काम नसताना वीज वाचवायला तो स्वतःहून ०.८०च्या आसपास उतरतो. यात काही गैर नाही, तशी रचनाच आहे. म्हणून रिकाम्या लॅपटॉपवर आकडा बघून घाबरू नये. दोन-तीन व्हिडिओ लावा, ब्राउझरचे दहा टॅब उघडा आणि मग बघा. आकडा बेस स्पीडच्या वर गेला तर प्रोसेसर मोकळा आहे. एवढा भार टाकूनही तो ०.३९ किंवा ०.७९वर ठाण मांडून बसला असेल, तर कोणीतरी त्याला बांधून ठेवले आहे. १६० कोटी ठोक्यांचा प्रोसेसर ३९ कोटींवर चालत असेल तर त्याला विंडोज कितीदाही नवे घातले तरी तो ३९ कोटींवरच चालणार.

त्याच पडद्यावर बाकीचे तीन निकालही मिळतात. स्पीड चांगला आहे पण सीपीयूचा वापर १०० टक्के दिसतो, तर एखादा प्रोग्रॅम त्याला राबवून घेतो आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. सीपीयू निवांत आणि डिस्क सतत १०० टक्के असेल तर खोळंबा डिस्कपाशी आहे. 'लॅपटॉप स्लो झालाय' या एका तक्रारीच्या पोटात असे चार वेगवेगळे आजार असतात आणि चारही आजारांची औषधे निराळी आहेत.

उष्णतेचे जुने वैर

प्रोसेसरने स्वतःला आवर घालायचा कशाला? उत्तर एका शब्दाचे आहे: उष्णता. गणकयंत्र आणि उष्णता यांचे वैर आपल्याकडच्या सुरुवातीच्या यंत्रांपासूनचे आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा मोठा संगणक चालू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे आत तापलेली तार असलेली काचेची नळी. अशा हजारो नळ्या एका सांगाड्यात बसवल्या की त्यांची आच बाहेर काढणे हेच एक काम होऊन बसते. ट्यूब गेल्या, ट्रान्झिस्टर आले, ते आकसत आकसत नखाएवढ्या चिपमध्ये अब्जावधींनी बसू लागले. पण त्यांना दिलेली वीज शेवटी उष्णताच होते, हा नियम बदलला नाही.

चिप किती तापेल याचे एक साधे सूत्र आहे. ती खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग निम्मा केला आणि व्होल्टेज दहावरून सातवर आणले, तर वीज जवळपास चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे चिपला वाचवायचे असेल तर वेग कमी करणे हा फार गुणकारी उपाय आहे.

त्याचे एक गाजलेले प्रात्यक्षिक २००१ साली झाले. थॉमस पाब्स्ट या जर्मन डॉक्टरने सुरू केलेल्या 'टॉम्स हार्डवेअर'च्या प्रयोगशाळेत चालू संगणकातल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा, सरळ उचलून काढला. एएमडीचा त्या काळचा ॲथलॉन काही सेकंदांत जळून गेला. इंटेलच्या पेंटियम ४वर खेळ चालू होता. तो रखडला, पण बंद पडला नाही. पेंटियम ४ने तापमान ओळखून स्वतःचा वेग उतरवला होता. त्यानंतर वेगाला असा लगाम घालण्याची सोय सगळ्याच कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये आली. आजचे इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की वेग कमी करतात, आणि तरीही तापमान चढतच राहिले तर लॅपटॉप फाडकन बंद करतात.

इथपर्यंत बरेच जण जाणतात. पुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. 'मी तापलो' हे सांगणारी प्रोसेसरची जी एक तार असते, तिचे नाव प्रॉकहॉट, ती दोन्ही बाजूंनी चालते. प्रोसेसर तिच्यावरून बाहेर निरोप देतो, तसा मदरबोर्डवरचा दुसरा एखादा भागही तिच्यावरून प्रोसेसरला निरोप देऊ शकतो. वीजपुरवठ्याचे सर्किट तापले, बॅटरीतून पुरेसा प्रवाह मिळेना, चार्जरची ओळख पटेना, की मदरबोर्डवरची देखरेख करणारी छोटी चिप, तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, ती तार ओढते. प्रोसेसर थंडगार असला तरी हुकूम पाळतो आणि ०.३९वर येऊन बसतो. म्हणून लॅपटॉप हाताला गार लागतो, फॅन शांत असतो, आणि तरीही तो पुढे सरकत नाही, अशी कोड्यात टाकणारी अवस्था दिसते. गार लॅपटॉप हळू चालत असेल तर पहिला संशय विजेच्या वाटेवर घ्यावा.

चार्जरची ओळख

मूळ चार्जर खराब झाला की बाजारातून दुसरा आणला जातो. पिन बसली, दिवा लागला, की झाले. पण चार्जरवरची बारीक अक्षरे वाचा. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असे लिहिले असेल तर गुणाकार ६५ वॅट. १९.५ व्होल्ट आणि २.३१ अँपिअर असेल तर ४५ वॅट. दोघांचे व्होल्टेज तेच आणि अनेकदा पिनही तीच, पण ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला ४५ वॅटचा चार्जर लावला तर तो तुटीवर चालतो आणि बरीचशी तूट प्रोसेसरचा वेग कापून भरून काढतो. टाइप-सी चार्जिंगच्या लॅपटॉपला मोबाइलचा १८ वॅटचा चार्जर लावून 'चार्ज होतोय की' म्हणणाऱ्यांचे दुखणे याच जातीचे.

डेल आणि एचपीच्या अनेक लॅपटॉपच्या गोल पिनमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. वीज येते ती बाहेरच्या गोल भागातून. ही सुई फक्त ओळखीसाठी. तिच्यावरून लॅपटॉप चार्जरला विचारतो, तू किती वॅटचा? सुई वाकली, आतली बारीक वायर तुटली किंवा नकली चार्जरमध्ये ओळखीची चिपच नसली, तर उत्तर येत नाही. मग लॅपटॉप सुरू होताना चार्जरचा प्रकार कळत नसल्याची सूचना झळकते, घाईत कुठलेतरी बटण दाबून ती घालवली जाते, बॅटरी चार्ज होईनाशी होते आणि प्रोसेसर खाली उतरतो. रोज तीच सूचना, रोज तेच बटण. आणि उत्तर त्या सूचनेतच लिहिलेले असते.

याची तपासणी फुकट आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, फक्त बॅटरीवर सुरू करा आणि टास्क मॅनेजरमधला स्पीड बघा. आकडा ०.३९वरून उडी मारून दोन-अडीचवर गेला, तर गुन्हेगार चार्जर किंवा चार्जरचे भोक. ओळखीच्या कोणाकडे त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा अस्सल चार्जर असेल तर लावून खात्री करा. त्यानेही आकडा चढला नाही तर लॅपटॉपमधला चार्जिंगचा सॉकेट बघावा लागतो. तो बऱ्याच मॉडेलांत वायरीसकट वेगळा निघतो आणि मदरबोर्डच्या मानाने अगदी स्वस्तात बदलून मिळतो.

बॅटरीवरही आकडा तसाच राहिला तर उलटा प्रयोग करा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढून ठेवा आणि फक्त चार्जरवर चालवा. आता वेग वाढला तर बॅटरी गेली आहे. मात्र काही लॅपटॉप बॅटरी नसताना मुद्दामच सावकाश चालतात, त्यामुळे हा प्रयोग एकट्याने निकाल देत नाही. पहिल्या प्रयोगाला जोडून वाचायचा. बॅटरी आतल्या आत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे सुरू होताना एफ-टू किंवा तत्सम बटण दाबून येणाऱ्या पडद्यावर, बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरीची तब्येत आणि चार्जरचे वॅट लिहिलेले सापडतात.

टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचे झाकण फुगून फट पडली, तर पुढचे प्रयोग थांबवा. लिथियमची बॅटरी फुगली आहे. तिला चार्जिंग लावायचे नाही, टोचायचे नाही, दाबून बसवायचे नाही. ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे द्यावी.

आणखी एक जुना, पण खरोखर चालणारा उपाय. एम्बेडेड कंट्रोलर कधीकधी जुन्याच निरोपावर अडकून राहतो. चार्जर बदलला तरी त्याचा हुकूम सुटत नाही. लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग पुन्हा जोडून सुरू करा. आत उरलेली वीज निघून जाते आणि कंट्रोलर कोऱ्या पाटीने सुरू होतो. बॅटरी आत बंदिस्त असलेल्या काही लॅपटॉपना यासाठी तळाशी टाचणीचे छिद्र दिलेले असते.

पत्र्याखालचे दुकान

लॅपटॉप गार नाही, चांगला तापतोय आणि फॅन भणभणतोय, तर मामला सरळ उष्णतेचा आहे. एप्रिल-मेमध्ये मुरबाड-शहापूर पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या गाळ्यात त्याहून जास्त. फॅन हवा फिरवतो, ती गार करत नाही. खोलीतली हवाच दहा-पंधरा अंशांनी जास्त तापलेली असेल, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. दुपारी दोनला रखडणारा लॅपटॉप सकाळी आठला नीट चालत असेल तर दुसरी परीक्षा करायची गरज नाही.

त्यात धूळ. रस्त्याकडेच्या गाळ्यात मुरमाची लाल धूळ दिवसभर आत येते. फॅन ती खेचतो आणि हवा बाहेर पडायच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या बारीक पात्यांवर ती साचत जाते. खालचे झाकण उघडून फॅन बाजूला केला की फॅन आणि पाती यांच्यामध्ये राखाडी लोकरीच्या पट्टीसारखा एक थर दिसतो. तो चिमटीत धरून अख्खा निघतो. बाहेरून फुंकर मारली तर तो नीट सुटत नाही. साफ करताना फॅनची पाती काडीने अडवून धरावीत, नाहीतर हवेच्या झोताने फॅन उलटसुलट भरारा फिरून त्याचे बेअरिंग दुखावते. चार-पाच वर्षे झालेल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. तीही त्याच वेळी बदलून घ्यावी. लॅपटॉप गोधडीवर किंवा उशीवर ठेवू नये, एवढे तर घरातल्या शाळकरी मुलालाही सांगून ठेवावे, कारण हवा आत घ्यायची भोके तळाला असतात.

प्रॉकहॉटचा हुकूम बंद करून टाकणारे प्रोग्रॅम मिळतात. थ्रॉटलस्टॉप हे त्यातले नावाजलेले. चार्जरची सुई तुटली म्हणून वेग अडकला आहे एवढे नक्की झाले असेल, तर दाखल्यांच्या गर्दीत दोन दिवस काढायला ते उपयोगी पडते. पण निरोप कोणी दिला हे न शोधता ते लावणे धोक्याचे. वीजपुरवठ्याचे सर्किट खरोखरच तापले असेल, तर इशारा बंद झाल्यावर जळतो तो मदरबोर्ड.

कधीकधी हुकूम देणारा माणूसच असतो. पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' कोणीतरी ५० टक्के करून ठेवलेले असते, किंवा बॅटरी सेव्हर कायमचा चालू असतो. एक मिनिटाचे काम आहे, पण स्क्रू उघडण्याआधी बघावे.

प्रोसेसर निर्दोष असेल तर

स्पीडचा आकडा ठणठणीत असूनही लॅपटॉप रखडतो, तेव्हा बहुतेकदा डिस्क दोषी असते. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचे, शिवाय सुई जागेवर न्यायची; असे करत ती सेकंदाला साठ-ऐंशी सुट्या नोंदी कशाबशा वाचते. विंडोज सुरू होताना अशा हजारो नोंदी मागते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, ती सेकंदाला हजारोंनी नोंदी देते. म्हणून आठ वर्षांच्या लॅपटॉपला एसएसडी बसवली की तो नवा झाल्यासारखा वाटतो. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर याच्यावर करावेत. रॅम चार जीबी असेल तर दुसरा खर्च तिचा, कारण रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकते आणि डिस्क हळू असेल तर दुष्काळात तेरावा महिना.

रोज रात्री शटडाउन करूनही दोष का जात नाही, याचेही कारण आहे. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण मिटत नाही. तो डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तिथूनच पुढे चालू होतो. टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बघा. रोज बंद होणारा लॅपटॉप कित्येक दिवस सलग चालू असल्याचे दिसेल. 'रीस्टार्ट' केले तरच सगळे मुळापासून सुरू होते. आठवड्यातून एकदा शटडाउनऐवजी रीस्टार्ट करायची सवय लावली की अर्ध्या तक्रारी जागच्या जागी मिटतात. टास्क मॅनेजरच्याच 'स्टार्टअप' भागात जाऊन, सुरू होताना उगाच जागे होणारे प्रोग्रॅमही बंद करता येतात. दाखल्यावर डिजिटल सही करण्यासाठी लागणारा प्रोग्रॅम तेवढा त्यातून वगळावा.

सुरूच होत नाही तेव्हा

'चालू होत नाही' या तक्रारीतही तीन टप्पे असतात आणि कुठल्या टप्प्यावर गाडी अडली हे सांगता आले की अर्धे काम झाले.

पहिला टप्पा विजेचा. बटण दाबून दिवाही लागत नाही. आधी भिंतीवरचे दुसरे बोर्ड वापरून बघा, मग चार्जरवरचा दिवा. चार्जरचा दिवा एरवी लागतो आणि पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो, तर आत शॉर्ट आहे. ते कारागिराचे काम. तसे नसेल तर वर सांगितलेला तीस सेकंदांचा उपाय.

दुसरा टप्पा पडद्याचा. दिवे लागतात, फॅन फिरतो, पडदा काळा. मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरा. अंधूक अक्षरे दिसली तर लॅपटॉप चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. टीव्हीला एचडीएमआय केबल लावून चित्र आले तरी तोच निष्कर्ष. काहीच दिसत नसेल आणि कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक ठेक्यात लुकलुकत असेल किंवा शिट्ट्या येत असतील, तर लॅपटॉप खुणेने बोलतो आहे. किती वेळा लुकलुकला ते मोजा. कंपनीच्या पुस्तिकेत त्या आकड्याचा अर्थ असतो. बऱ्याचदा तो रॅमकडे बोट दाखवतो. चार्जर आणि बॅटरी काढून रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या क्लिपा उघडून बाहेर घ्यावी, तिचे सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावेत, रबराची पूड झटकावी आणि पट्टी तिरपी घालून टक् आवाज येईपर्यंत दाबावी. पावसाळ्यानंतर या एका उपायाने कित्येक लॅपटॉप उठून बसतात.

तिसरा टप्पा डिस्कचा आणि विंडोजचा. कंपनीचा लोगो येतो, ठिपके गोल फिरत राहतात, पुढे काही नाही. बूट करायला डिस्कच सापडत नाही असे पडद्यावर आले तर आधी बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते बघावे. नाव नसेल तर डिस्क सैल झाली आहे किंवा गेली आहे. नाव असेल तर विंडोज बिघडले आहे, आणि ते बिघडण्याचे आपल्याकडचे नेहमीचे कारण म्हणजे अपडेट चालू असताना लाइट जाणे आणि बॅटरी केव्हाच मेलेली असणे. लागोपाठ काही वेळा सुरुवात फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तिथून शेवटचे अपडेट काढता येते किंवा सेफ मोडमध्ये जाता येते. नव्या विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. तिची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच लिहून ठेवावी, कारण बिघाडाच्या दिवशी नेमके ते खाते उघडता येत नाही.

लॅपटॉप सुरू होऊनही काम अडवणारा एक दोष मजेदार आहे. मदरबोर्डवर घड्याळासाठी तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असते, बहुधा सीआर-२०३२. ती संपली की लॅपटॉप बंद असताना घड्याळ थांबते आणि सुरू केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. त्या जुन्या तारखेला सरकारी संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे जन्मालाच आलेली नसतात, म्हणून ब्राउझर ती उघडायला नकार देतो. केंद्रचालक नेटवाल्याला फोन करत बसतो आणि दोष असतो घड्याळाच्या सेलचा.

पाऊस आणि परत आलेली लाइट

लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे संध्याकाळी पाड्यांवर दिवे मिणमिणले तरी लॅपटॉपला त्याचे काही नाही. त्याच्यासाठी स्टॅबिलायझर घ्यायची गरज नसते. घात होतो तो गेलेली लाइट परत येते त्या क्षणी, आणि वीज कडाडते तेव्हा. ढग गडगडू लागले की चार्जर काढावा आणि त्यासोबत इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी. चार्जर काढून निर्धास्त झालेल्यांचे मदरबोर्ड नेटच्या केबलमधून आलेल्या दणक्याने गेलेले असतात.

कोकणपट्टीच्या पावसात कपाटात बंद ठेवलेल्या लॅपटॉपच्या जोडांवर हिरवट थर धरतो. रोज थोडा वेळ चालू ठेवलेला लॅपटॉप स्वतःच्या उबेने कोरडा राहतो, म्हणून पावसाळ्यात वापर नसला तरी त्याला अधूनमधून चालवावे. पाणी सांडलेच तर तांदळाच्या डब्याच्या नादी लागू नये. ताबडतोब वीज तोडावी, बॅटरी निघत असेल तर काढावी, लॅपटॉप उलटा करून पाणी निथळू द्यावे आणि 'चालतो का बघू' म्हणून बटण दाबू नये. नुकसान पाण्यापेक्षा ओल्या सर्किटमधून फिरलेल्या विजेने जास्त होते. फॅनच्या जाळीतून पाल किंवा मुंग्या आत शिरणे हीसुद्धा आपल्याकडची खरी कारणे आहेत. वापरात नसताना लॅपटॉप पिशवीत ठेवावा, तो याच्याचसाठी.

शेजारच्या शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा राज्यातल्या सुरुवातीच्या डिजिटल शाळांमध्ये गणली जाते आणि तिथले तेव्हाचे शिक्षक संदीप गुंड यांचे नाव त्यासाठी सर्वदूर झाले. अशा पाड्यांवर यंत्र पोचवणे ही पहिली पायरी झाली. ते पाच-सात वर्षे चालते ठेवणे ही दुसरी, आणि ती वर सांगितलेल्या चार्जर, धूळ, घड्याळाचा सेल असल्या किरकोळ गोष्टींवर अवलंबून आहे.

फॉरमॅट केव्हा करावा

फॉरमॅट हा उपाय वाईट नाही. विंडोज खरोखर बिघडले असेल, व्हायरसने घर केले असेल आणि चार्जर, बॅटरी, उष्णता, डिस्क, रॅम या पाचही गोष्टी निर्दोष ठरल्या असतील, तर तो करावा, बॅकअप घेऊन करावा. त्या वेळी एक पाहून घ्यावे: विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तेव्हा लॅपटॉप विंडोज ११ पेलणारा असेल तर तेच घालावे. डिस्क मरायला टेकली असेल तर मात्र फॉरमॅटच्या नादात तिच्यावर आणखी भार टाकू नये. आधी दाखले, फोटो, हिशेब दुसरीकडे उतरवावेत.

आणि दुरुस्तीला न्यावाच लागला तर नुसते 'स्लो झालाय' सांगून लॅपटॉप काउंटरवर ठेवू नये. कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात: चार्जरवर स्पीड ०.३९, बॅटरीवर २.६०. चार्जर बाहेरून घेतलेला, ६५ वॅट. सुरू होताना चार्जरची सूचना येते. डिस्कचा वापर १० टक्के, मेमरी ६०. असा कागद हातात पडल्यावर कारागीर आधी चार्जरची पिन बघतो. कागद न वाचताच जो फॉरमॅटची पावती फाडायला घेईल, त्याच्या काउंटरवरून लॅपटॉप उचलावा आणि पुढचे दुकान गाठावे.